लीजवरची स्पोर्ट्स कार आणि घरची इज्जत

अमेरिकेत नोकरीला गेलेल्या मुलांच्या घरी हल्ली 'लीज' हा शब्द वरचेवर कानावर पडतो. मिरज घ्या, सोलापूर घ्या, नांदेड किंवा भिवंडी घ्या. मुलगा एम.एस. करायला गेला, नोकरी लागली, व्हिसाचं काम झालं आणि वर्षभरात अम्मीच्या मोबाइलवर दोन दारांच्या लाल गाडीचा फोटो आला. फोटो मामू, खाला, फुफू अशा सगळ्यांच्या ग्रुपवर फिरतो. खाली 'माशाअल्लाह'ची रांग लागते. गाडी त्याच्या मालकीची नाही, तीन वर्षांच्या भाडेकरारावर घेतलेली आहे, हे ग्रुपवर कुणाला माहीत नसतं आणि कुणी विचारतही नाही. मग आठ-दहा महिन्यांनी हप्ता झेपेनासा होतो, तेव्हा ही गोष्ट सांगायची कुणाला, हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न असतो.

गाडी घ्यावी की नाही, यावर आपल्याकडे सल्ले देणारे पुष्कळ आहेत. फिजूलखर्ची, दिखावा, व्याज यांवर जुम्याच्या बयानात ऐकायला मिळतं, घरातले बुजुर्गही सुनावतात. पण घेतली, फसला, आता बाहेर कसं पडायचं, यावर कुणी बोलत नाही. माझं मत सरळ आहे. झेपत नसलेली लीज जितक्या लवकर मोडता येईल तितक्या लवकर मोडावी, आज दिसणारा तोटा आजच सोसावा, आणि या कामात घरच्यांनी मुलाच्या बाजूने उभं राहावं. उशीर होतो तो बहुतेक वेळा लाजेपायी, आणि ही लाज मुलाच्या एकट्याची नसते.

आधी लीज म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण निम्मा घोटाळा तिथेच आहे. गाडीची आजची किंमत आणि तीन वर्षांनी तिची जी किंमत उरेल असं कंपनीने कागदावर धरलेलं असतं, या दोन्हींमधला फरक तुम्ही हप्त्याहप्त्याने भरता. त्या उरणाऱ्या किमतीला 'रेसिड्युअल व्हॅल्यू' म्हणतात. शिवाय कंपनीचे पैसे तुमच्या गाडीत अडकलेले असतात, त्याचा मोबदला वेगळा. त्याला 'मनी फॅक्टर' असं नाव आहे आणि तो ०.००३ असा निरुपद्रवी दिसणारा आकडा असतो. या आकड्याला २४०० ने गुणा, वार्षिक व्याजाचा दर हातात येतो. ०.००३ म्हणजे ७.२ टक्के. शोरूममधला विक्रेता हा गुणाकार करून दाखवत नाही. तो महिन्याचा आकडा सांगतो आणि चावी हातात ठेवतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत. समजा गाडी ७०,००० डॉलरची, करार ३६ महिन्यांचा, शेवटी उरणारी किंमत ४०,६०० डॉलर आणि मनी फॅक्टर ०.००३. घसाऱ्याचे महिन्याला ८१७ डॉलर आणि पैशाच्या वापराचे ३३२, मिळून हप्ता जवळपास १,१५० डॉलर. राज्याचा कर वेगळा. मग विमा. पंचविशीतला मुलगा, अमेरिकेतलं लायसन्स नवं, गाडी स्पोर्ट्स आणि राहणं न्यू जर्सीसारख्या महागड्या विम्याच्या राज्यात. महिन्याला ३०० डॉलर धरले तरी मी कमीच धरतोय. पेट्रोल महागातलं, टायर महागातले. वर्षाला १०,००० मैलांची मर्यादा असेल तर त्यापुढच्या प्रत्येक मैलाला दंड. म्हणजे पार्किंगचा विचारही न करता महिन्याला दीड हजार डॉलर. पगारातून कर गेल्यावर हातात साडेपाच हजार येत असतील, भाड्याला दोन हजार जात असतील, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता इकडे बँकेत भरायचा असेल आणि अब्बांच्या औषधांना पैसे पाठवायचे असतील, तर या मुलाचं महिनाअखेरीस काय होत असेल, ते सांगायला नको. तो क्रेडिट कार्डावर जगायला लागतो. त्या कार्डाचं व्याज गाडीच्या व्याजाच्या तिप्पट असतं.

एक वर्ष झालं. त्याने हप्त्यांपोटी १३,८०० डॉलर भरले. आता त्याला गाडी सोडायची आहे. कराराच्या हिशेबाने गाडीवर बाकी निघते जवळपास ६१,००० डॉलर आणि बाजारात तिला ५४,००० मिळतात असं धरू. खड्डा सात हजारांचा. इथे नव्वद टक्के मुलं गळपटतात, असं म्हणण्याचा मोह होतो. आकडा मला ठाऊक नाही, पण जे दोन-चार प्रसंग मी जवळून पाहिले त्या सगळ्यांत हेच झालं. सात हजार डॉलर देऊन हातात काहीच येणार नाही, गाडीही जाणार, हे मनाला पटत नाही. मग तो म्हणतो, थोडं थांबू, सहा महिन्यांनी बघू.

सहा महिन्यांनी काय होतं ते बघा. बाकी उतरून ५६,२०० वर येते. गाडीची किंमतही उतरते, समजा ५०,५०० वर. खड्डा आता ५,७०० चा. म्हणजे तेराशे डॉलरने कमी झाला. पण या सहा महिन्यांत हप्ता आणि विम्यापोटी गेले ८,७००. या पैशांत एखादी जुनी टोयोटा कोरोला पुढे अनेक वर्षं चालली असती. गाडी वापरायला मिळाली, हे खरं, पण ज्याला ती झेपतच नाही त्याच्यासाठी तो वापर सुखाचा नसतो. प्रत्येक वेळी स्टार्ट करताना त्याला हप्त्याची तारीख आठवते. अर्थात कराराचे शेवटचे चार-पाच महिने उरले असतील तर हिशेब उलटा होऊ शकतो, तेव्हा कधीकधी ओढून नेणंच स्वस्त पडतं. पहिल्या दीड-दोन वर्षांत मात्र थांबण्याने फारसं काही सुधारत नाही.

सुटण्याचे रस्ते आहेत आणि ते कायदेशीर आहेत. सगळ्यात आधी करार बाहेर काढायचा. अमेरिकेत १९७६ चा कन्झ्युमर लीजिंग अ‍ॅक्ट आहे. ठराविक रकमेपर्यंतच्या वैयक्तिक लीजला तो लागू होतो. मुदतीआधी करार मोडला तर रक्कम कशी काढली जाईल, हे कंपनीने लिहून द्यावं लागतं आणि तो आकार वाजवी असावा लागतो. सही करताना हे पान कुणी वाचत नाही, पण ते असतं. मग कंपनीला फोन करून आजच्या तारखेची 'पेऑफ' रक्कम लेखी मागायची. ही रक्कम गाडी वापरणाऱ्याने भरली तर एक आणि डीलरने भरली तर दुसरी, असं असू शकतं, म्हणून दोन्ही विचारायच्या. हातात हा आकडा आला की निम्मी भीती कमी होते. तोवर तो अंधारात चाचपडत असतो आणि रात्री दोन वाजता इंटरनेटवर काहीबाही वाचत असतो.

माझ्या मते सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे लीज दुसऱ्याच्या नावावर करणं. ज्याला तीन वर्षं नको, दीडच वर्ष गाडी हवी आहे अशी माणसं तिकडे असतात आणि त्यांची गाठ घालून देणारी स्वॅपअलीज, लीजट्रेडर अशी ठिकाणंही आहेत. नवा माणूस कंपनीकडे अर्ज करतो, कंपनी त्याची पत तपासते, फी घेते आणि करार त्याच्या नावावर जातो. महागड्या हप्त्याची गाडी कुणी फुकट उचलणार नाही, म्हणून त्याला दोन-तीन हजार डॉलर आपल्या खिशातून द्यावे लागू शकतात. वरच्या सात हजारांच्या खड्ड्यापेक्षा ते स्वस्तच. दोन गोष्टी मात्र पाहायला हव्यात. सगळ्या कंपन्या असं हस्तांतर करू देत नाहीत. आणि काही कंपन्या करू देतात पण मूळ माणसाला पूर्ण मोकळं करत नाहीत. नवा माणूस हप्ते थकवू लागला तर त्या पुन्हा जुन्याच्या दारात येतात. जबाबदारी संपल्याचं लेखी हवं. आणखी एक साधी गोष्ट. छत उघडणारी स्पोर्ट्स कार न्यू जर्सीत डिसेंबरात खपत नाही. बर्फ वितळल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये तिला गिऱ्हाईक भेटतं. थांबायचंच असेल तर असल्या कारणासाठी महिना-दोन महिने थांबावं.

दुसरा रस्ता विक्रीचा. डीलर गाडी विकत घेतो, कंपनीची बाकी तो भागवतो आणि खड्ड्याची रक्कम आपण भरतो. काही वर्षांपूर्वी हे सोपं होतं. २०२१ च्या सुमारास जुन्या गाड्यांच्या किमती अशा चढल्या की लीज मोडणाऱ्यांच्या हातात उलट पैसे आले. तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी नियम बदलले आणि आता काही ठिकाणी फक्त त्याच ब्रँडच्या डीलरला गाडी देता येते. तरी दोन-तीन ठिकाणी भाव विचारावाच, फरक हजारात असतो. गाडी आधी स्वतःच्या नावावर विकत घेऊन मग विकायची, असाही मार्ग आहे, पण पुष्कळ राज्यांत त्यावर विक्रीकर लागतो आणि फायदा त्यातच विरून जातो.

शोरूमवाला स्वतःहून जो मार्ग सुचवतो तो सगळ्यात वाईट. 'ही परत दे, हा तोटा आपण नव्या गाडीच्या लीजमध्ये घालू.' हप्ता थोडा कमी दिसतो, मुदत लांबते आणि जुन्या खड्ड्यावर नवा खड्डा चढतो. गावाकडे सावकाराच्या वहीत जुनं देणं नव्या पानावर ओढत नेत, त्यातलाच हा प्रकार, फक्त इथे एसी आहे आणि कॉफी मिळते.

गाडी कंपनीच्या दारात नेऊन 'घ्या तुमची' म्हणता येतं. त्याला स्वखुशीने ताबा देणं म्हणतात, पण देणं त्याने संपत नाही. कंपनी ती लिलावात घाऊक भावात विकते, उरलेली रक्कम मागते आणि क्रेडिट रिपोर्टवर त्याचा डाग सात वर्षं राहतो. तिकडे भाड्याचं घर मिळायलाही हाच रिपोर्ट पाहतात. अगदीच इलाज नसेल तर हेही करावं, हप्ते थकवून रात्री गाडी उचलून नेली जाण्यापेक्षा बरं. पण आधी कंपनीशी बोलून एक-दोन हप्ते पुढे ढकलून मिळतात का, ते विचारावं. नोकरी गेल्याचं कळवलं तर काही कंपन्या सवड देतात. तीन दिवसांत करार रद्द करता येतो, अशी एक समजूत आपल्या मुलांत पसरलेली आहे. शोरूममध्ये बसून केलेल्या गाडीच्या कराराला असा काही सरसकट हक्क नाही. लांबच्या मोहिमेवर पाठवलेल्या सैनिकाला तिकडचा कायदा गाडीची लीज मोडू देतो, सॉफ्टवेअर इंजिनिअरला ती सवलत नाही.

आणि एक सल्ला हटकून कुणीतरी देतो: गाडी 'चोरीला जाऊ दे', विमा देईल. हा गुन्हा आहे. परदेशी व्हिसावर असलेल्या मुलाने असं काही केलं तर गाडीबरोबर तिथलं राहणंही जाईल. असा सल्ला देणाऱ्या दोस्ताचा नंबर मोबाइलमधून काढून टाकावा.

व्हिसाचा विषय निघालाच आहे तर तेही बोलू. एच-वन-बी वर असलेल्याची नोकरी गेली की त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी, नाहीतर दुसरा व्हिसा, नाहीतर परतीचं तिकीट. तीन वर्षांच्या करारावर सही करणाऱ्याच्या पायाखाली साठ दिवसांची जमीन आहे, हे लक्षात ठेवलं पाहिजे. साठ दिवसांत लीज दुसऱ्याच्या नावावर होणं अवघड, कारण कंपनीच्या मंजुरीतच काही आठवडे जातात. म्हणून ज्याच्या कंपनीत नोकरकपातीची कुजबुज सुरू झाली आहे त्याने ईमेल येण्याची वाट पाहू नये.

कपात झाली आणि मुलगा गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये सोडून परत आला, असंही घडतं. दुबईत २००८-०९ च्या मंदीत अशा सोडून दिलेल्या गाड्यांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तिकडे आखातात तेव्हा न वटलेल्या चेकवरून तुरुंगात जावं लागायचं, त्यामुळे माणसं पळत होती. अमेरिकेत साध्या थकबाकीपायी तुरुंग नाही. पण गाडी घेताना त्या मुलाची तिथली पत नवी होती आणि म्हणून बहुतेकदा एखाद्या चुलतभावाने, रूममेटने किंवा मशिदीत ओळख झालेल्या एखाद्या भल्या माणसाने सहकर्जदार म्हणून सही केलेली असते. मुलगा मायदेशी पोचतो आणि देणं त्या माणसाच्या गळ्यात पडतं. कंपनीला बुडवलं असं मानून स्वतःची समजूत घालणाऱ्याने या माणसाचं नाव एकदा मोठ्याने उच्चारून पाहावं.

इथे दीनचा विषय येतो. मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण हा विषय आपल्याकडे अर्धवटच बोलला जातो म्हणून लिहितो. मुलं म्हणतात, कर्जावर गाडी घेतली तर सूद, लीजमध्ये तर भाडं आहे, इजारा आहे, म्हणजे जायज. शब्द बरोबर आहे, कागद वेगळा आहे. इजाऱ्यात वस्तू मालकाची असते आणि मालकीची जोखीमही त्याचीच असते. भाडेकरूची चूक नसताना वस्तू नष्ट झाली तर भाडं थांबतं. इथे विमा, दुरुस्ती, किंमत घसरण्याचा भार, सगळं भाडेकरूच्या डोक्यावर आणि वर २४०० ने गुणल्यावर उघड होणारं व्याज. नावावर जाऊन समाधान मानणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा स्वतः करावा.

उलट त्याच फिकहमध्ये एक गोष्ट आहे जी मला फार मोलाची वाटते. हनफी फुकहांनी 'उज्र' म्हणजे खरी अडचण आली तर भाडेकरार मोडता येतो, असं मानलं. उदाहरण अगदी बाजारातलं: व्यापारासाठी दुकान भाड्याने घेतलं आणि व्यापाऱ्याचं भांडवलच बुडालं, तर त्याला त्या करारात कोंडून ठेवायचं नाही. शाफई मसलकात भाडेकरूच्या वैयक्तिक अडचणीला अशी मोकळीक नाही, करार म्हणजे करार. घाटावरचे आपण बहुतेक हनफी आणि कोकणातले भाऊ शाफई, तेव्हा या मुद्द्यावर दोघांची चांगली बहस होऊ शकते. न्यू जर्सीच्या कोर्टात यातलं काही चालणार नाही. पण फसलेल्या माणसाला बाहेर पडायचा दरवाजा असावा, हा विचार हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या कायदेपंडितांना सुचला होता आणि आपण मात्र फसलेल्या मुलाला 'आता भोग' म्हणून मोकळे होतो.

कर्जाच्या बाबतीत आपल्याकडे एक हदीस नेहमी सांगितली जाते. नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्यापुढे एक जनाजा आला. मयतावर देणं होतं आणि फेडायला मागे काही नव्हतं. त्यांनी स्वतः नमाज पढवली नाही, सोबत्यांना पढायला सांगितलं. ही हदीस कर्जदाराला धाक घालायला वापरतात. तिचा पुढचा भाग घाईत सांगितला जातो. तिथे हजर असलेले अबू कतादा पुढे आले, म्हणाले हे देणं माझ्याकडे, आणि मग नबींनी नमाज पढवली. मला या प्रसंगात अबू कतादा महत्त्वाचे वाटतात. कुणीतरी उठून उभं राहिलं. त्यांनी आधी मयताच्या चुका मोजल्या असं कुठे येत नाही. कुरआनमध्येही तंगीत असलेल्या देणेकऱ्याला सवड द्या, सोडून दिलं तर आणखी चांगलं, असा हुकूम सूरह बकरामध्ये आहे, आणि त्याच सूरेत पुढे देण्याघेण्याचा करार लिहून ठेवण्याविषयीची आयत आहे, जी कुरआनातली सगळ्यात लांब आयत आहे.

म्हणून मी म्हणतो, मामूने, चाचाने, मोठ्या भावाने खड्ड्याची रक्कम कर्ज-ए-हसना म्हणून द्यावी. बिनव्याजी, पण लिहून, दोन साक्षीदारांसमोर, महिन्याचा हप्ता ठरवून. जकातीतून द्यावी का, असं मला एकाने विचारलं. जकातीच्या आठ हकदारांत कर्जात बुडालेला येतो, हे खरं. पण शौकाच्या गाडीपायी झालेल्या कर्जाला, आणि तेही डॉलरमध्ये पगार घेणाऱ्याच्या, विधवांच्या वाट्याचे पैसे देणं माझ्या मनाला पटत नाही. उलेमांनीही उधळपट्टीतल्या कर्जाबाबत हात आखडता ठेवला आहे. तो कमावता आहे, दीड वर्षात फेडेल.

पण पैशाआधी घरच्यांनी दुसरी एक गोष्ट द्यायला हवी, ती म्हणजे फोटो परत घेण्याची मुभा. त्या गाडीचा फोटो रिश्त्याच्या बोलण्यात वापरलेला असतो. 'लडका अमेरिका में, खुद की गाडी' हे वाक्य तीन घरांत पोचलेलं असतं. बहिणीच्या सासरी त्यावरून रुबाब झालेला असतो. मुलाला हे सगळं माहीत असतं. गाडी परत करणं म्हणजे अम्मीला खोटं पाडणं, असं त्याला वाटतं. मी ज्यांच्याशी बोललो त्यातल्या एकाने सांगितलं की कंपनीला फोन करायला त्याला वीस मिनिटं लागली आणि घरी फोन करायला पाच महिने. पाच महिने म्हणजे त्याच्या हप्त्याने जवळपास सहा हजार डॉलर. आपल्या घरांची इज्जत इतकी महाग असेल तर तिचं बिल कोण भरतंय, ते तरी विचारावं. त्याच्या अम्मीने ऐकून घेतल्यावर एवढंच विचारलं, 'बेटा, ऑफिस कैसे जाता फिर?' तो म्हणाला, ट्रेनने. त्या म्हणाल्या, ठीक आहे की. पाच महिने तो ज्याला घाबरत होता ते संभाषण एवढंच होतं. सगळ्या घरांत असं होत नाही, मला ठाऊक आहे. काही घरांत आधी तासभर कानउघाडणी होते. ती करायची असेल तर करा, पण गाडी सुटल्यावर.

हे सारं अमेरिकेचं म्हणून सोडून देऊ नका. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली आपली कोकणातली कुटुंबं आहेत. तिथे हायर पर्चेस किंवा पीसीपी करारावरची गाडी असेल तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टप्रमाणे एकूण देय रकमेच्या निम्मी रक्कम भरली की गाडी परत करून मोकळं होता येतं. साध्या भाड्याच्या लीजला मात्र हा हक्क नाही, आणि फरक कराराच्या पहिल्या पानावरच्या नावात असतो. आपल्याकडे पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्यांतून पगारातून हप्ता कापून गाडी लीजवर देतात. कर वाचतो म्हणून मुलं झेपेल त्यापेक्षा एक पायरी वरची गाडी घेतात. नोकरी सोडली किंवा गेली की नवी कंपनी तो करार उचलते का, नाहीतर फोरक्लोजरची रक्कम किती, हे तेव्हा कळतं. हिंजवडीत राजीनाम्याच्या आदल्या दिवशी हा आकडा बघून राजीनामा मागे घेतलेले लोक आहेत.

ज्याचं ठरलं त्याच्यासाठी शेवटची कामं. गाडी देताना मीटरचा आणि चारही बाजूंचा तारखेसकट फोटो काढून ठेवा, ओरखड्यांचं बिल दोन महिन्यांनी येतं. नंबर प्लेट काही राज्यांत परत करावी लागते, न्यू जर्सीत करावी लागते, आणि ती जमा केल्याची पावती हातात आल्याशिवाय विमा बंद करू नका. बँकेतून आपोआप जाणारा हप्ता स्वतः बंद करा, कंपनी करेल म्हणून बसू नका. हिशेब संपल्याचं पत्र मिळवा आणि एक प्रत सही करणाऱ्या त्या सहकर्जदाराला पाठवा, सोबत शुक्रियाचे दोन शब्द लिहून.